सोयीचा चावा

११ फेब्रुवारी

रोजनिशी लिहायची मला सवय नाही. पण हल्ली विसरायला फार होतं. परवा कचेरीत एकाच माणसाची तक्रार दोनदा लिहून घेतली. तो बिचारा म्हणत होता, "मॅडम, माझं घर एकच आहे आणि नळही एकच आहे." म्हणून ठरवलं, दिवसातलं जे लक्षात ठेवायला हवं ते लिहून ठेवायचं. बाकी काही नाही.

आज दुपारी ठकूच्या वर्गशिक्षिकेचा फोन आला. "मुलीच्या चाव्याबद्दल जरा बोलायचं होतं," म्हणाल्या. फोन घेऊन जिन्यात गेले आणि त्यांना पुढे बोलूच दिलं नाही. म्हटलं, तिच्या वतीने मी माफी मागते. वडील गेल्यापासून ती जरा गप्प असते, पण मुळात तशी नाही. कुणाला चावली, फार लागलं का, मी स्वतः त्यांच्या घरी जाऊन येते. मग बाई म्हणाल्या, "अहो, ती कुणालाही चावली नाही. शाळेत दातांची तपासणी झाली. तिचा चावा उलटा आहे म्हणतात."

वरचे आणि खालचे दात मिटल्यावर एकमेकांवर कसे बसतात, त्यालाही चावा म्हणतात हे मला आज आठ वर्षांच्या मुलीची आई झाल्यावर कळलं. डब्याचं झाकण जसं बाहेरून बसतं तसे वरचे पुढचे दात खालच्या दातांवरून यायला हवेत. ठकूचं झाकण आत जातं.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं, की ठकूच्या चाव्याबद्दल शाळेतून फोन होता. त्या ताडकन म्हणाल्या, "कुणाला चावली? आणि त्या कार्ट्याने आधी काय केलं होतं, ते विचारलंस का?" मला हसू फुटलं. ते ऐकून ठकू खोलीतून धावत आली आणि मी का हसले म्हणून विचारत राहिली.

मग सासूबाईंनी तिला दिव्याखाली उभं केलं, ओठ बोटांनी वर केला आणि पाहिलं. म्हणाल्या, "यात उलटं काय आहे? ही माझ्या पोराची हनुवटी आहे."

आहे खरी. ह्यांचा खालचा जबडा पुढे होता. शाळेत मुलं ह्यांना 'खण' म्हणायची, टेबलाचा खण उघडा राहिल्यासारखा दिसतो म्हणून. 'ए खणा, बंद हो!' हे स्वतःच ते हसत हसत सांगायचे.

१४ फेब्रुवारी

हे गेले त्याला अर्धं वर्ष होईल. तेव्हापासून सासूबाईंचं जेवण म्हणजे एक कामच झालं आहे. ताटासमोर बसतात, भाताची शितं चमच्याने इकडची तिकडे करतात आणि उठतात. ठकूने यावर उपाय काढला आहे. ती समोर बसते आणि विचारते, "आजी, बाबा दाखवू?" मग हनुवटी पुढे काढते, मान जराशी तिरकी करते आणि तशीच बसून जेवते. सासूबाई तिच्याकडे बघत बघत चार घास खातात.

मी अडवत नाही. म्हातारं माणूस आहे, पोटात काहीतरी जातं. पण मला तिथे बसवत नाही. त्या दोघी लवकर जेवतात. मी आल्यावर जरा पडते आणि मागाहून एकटी जेवते.

२१ फेब्रुवारी

ठकूला घेऊन दातांच्या डॉक्टरकडे गेले. बाई तरुण आहेत. चष्मा नाकावरून घसरतो आणि तो त्या मनगटाने वर करतात, कारण हातमोज्यांनी चालत नाही. बाहेरच्या खोलीत सगळी मुलंच. एकीचे दात इतके पुढे, की ओठ मिटत नव्हते. एकाच्या तोंडात दात दाटीवाटीने उभे, जागा नाही म्हणून एक दात दुसऱ्याच्या खांद्यावर चढलेला. एक अंगठा चोखणारा होता. त्याची आई दर मिनिटाला त्याचा हात खाली ओढायची आणि तो न चिडता पुन्हा वर न्यायचा. त्याने दात मिटले तरी पुढे फट राहते आणि तिच्यातून जीभ दिसते.

डॉक्टरबाईंच्या टेबलावर प्लॅस्टरचे जबडे ठेवले आहेत, एकेका दोषाचा एकेक. ठकूने सगळे उघडून मिटून पाहिले. एक असा होता, की मिटल्यावर खालचे दात दिसेनातच, वरच्यांनी पार झाकलेले. एक कडेने वाकडा, त्याची हनुवटी बाजूला सरकलेली. शेवटचा तिच्यासारखा होता. ती म्हणाली, "हा बाबा."

डॉक्टरबाई मुलांच्या आयांना 'आई'च म्हणतात. मला म्हणाल्या, "आई, हिच्या बाबांचा जबडा असा आहे का?"

"होता," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा वर केला आणि पुढचं जरा हळू बोलल्या. जबडाच मोठा असेल, घराण्यातून आलेला असेल, तर बराच काळ लक्ष ठेवावं लागेल. वाढ थांबल्यावर कदाचित शस्त्रक्रिया. पण आधी नीट तपासायचं. पुढच्या वेळी निवांत या, घरातल्या कुणी मोठ्यांना आणता आलं तर आणा, वडिलांची लहानपणची माहिती मिळेल.

संध्याकाळी सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "माझ्या पोराच्या तोंडाला आता तरी कुणी हात लावायचा नाही." त्यांचं दुःख मला कळतं.

२६ फेब्रुवारी

आर्थिक वर्ष संपत आलं की कचेरीत तक्रारींना ऊत येतो. पाणीखात्याच्या खिडकीत बसणाऱ्या माणसाला लोक पाण्याचा मालक समजतात. आज एक जण बाटलीत गढूळ पाणी भरून घेऊन आला आणि म्हणाला, "पिऊन दाखवा." मी बाटली घेतली, नंबर टाकला, ठेवून दिली. त्याला भांडायचं होतं. माझ्यात भांडायचं त्राण नव्हतं. तो हिरमुसून गेला.

शेजारच्या टेबलावरच्या बाईंना ठकूचं सांगितलं. त्यांच्या मुलाचे दात पुढे होते. म्हणाल्या, "अगं, आमचा युवराज शाळेतून यायचा तेव्हा आधी दात घरात शिरायचे, मग तो. आता बघ, बोहल्यावर चढवायला हरकत नाही. वेळेवर कर म्हणजे झालं. हाडं एकदा पक्की झाली की कुणाचं ऐकत नाहीत."

सहाला घरी येते तेव्हा दार ठकू उघडते. हल्ली ती उंबऱ्यात तशीच उभी राहते, हनुवटी पुढे, मान जराशी तिरकी. जिन्यातला पिवळा दिवा तिच्या तोंडावर पडतो. आजीसाठी सराव करत असावी. मी पर्स ठेवायच्या आधी क्षणभर दारातच थांबते. दिवसभर बसून पाय जड झालेले असतात.

४ मार्च

आज सासूबाई बरोबर आल्या. खरं तर भांडायलाच आल्या होत्या. चांगली साडी नेसून, पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसल्या. डॉक्टरबाईंनी ह्यांच्याबद्दल विचारलं तेव्हा सगळं सांगितलं. दुधाचे दात पडल्यावर असे आले, आमचे सासरेही तसेच होते, त्याने कधी कुणाचं काही अडलं नाही.

डॉक्टरबाईंनी ऐकून घेतलं. मग ठकूला म्हणाल्या, "आता तू घाई करायची नाहीस. जीभ वर टाळूला लाव. आणखी मागे ने. आणखी. आता दात हळू, अगदी हळू मिटव. टेकले की थांब."

ठकूने दात मिटले. पुढचे वरचे आणि खालचे दात एकमेकांच्या कडेवर येऊन टेकले आणि थांबले. मागच्या दाढा अजून उघड्याच होत्या.

"आता नेहमीसारखं मीट."

जबडा सर्रकन पुढे घसरला.

त्यांनी हे पुन्हा पुन्हा करून घेतलं, मग आमच्याकडे वळल्या. "हिचे चावे दोन आहेत. एक खरा आणि एक सोयीचा. जबडा मोठा नाहीये हिचा. वरचा हा एक दात आत उगवलाय. तो आधी आपटतो, मग दाढा मिटवायला ही जबडा पुढे सरकवून घेते. बाबांसारखी दिसते, पण बाबांसारखी नाहीये."

सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे?"

"म्हणजे हे घराण्यातून आलेलं नाही. दात बाहेर ढकलला की जबडा आपल्या जागी राहील. तोंडात बसवायची एक प्लेट देईन. काही महिन्यांचं काम आहे. पण आत्ता करायला हवं. असंच पुढे राहिलं तर वाढताना जबडा खरोखरच तसा वाढेल. मग तो सोयीचा राहणार नाही, कायमचा होईल. आणि हे बघा, खालच्या दाताची हिरडी आत्ताच उतरायला लागली आहे."

मग त्या थांबल्या. "आणखी एक. दात आपटतो म्हणून मिटताना पुढे जातो, हे ठीक. पण ही नुसती बसलेली असतानाही जबडा पुढे धरून ठेवते. ते दातामुळे नाही. ती सवय आहे. घरी कधी जास्त करते, लक्षात आलंय का?"

मी म्हटलं, "जेवताना. आजीसमोर."

ठकूने माझ्याकडे पाहिलं. सासूबाई पर्सची चेन उघडत मिटत बसल्या.

निघताना डॉक्टरबाईंनी ठकूला पुन्हा एकदा जीभ मागे घेऊन दात टेकवायला लावले. तिची हनुवटी आत गेली, गाल भरले. सासूबाई टक लावून बघत होत्या. म्हणाल्या, "अगं बाई, ही तर तुझ्यावर गेली आहे!"

मला ते आवडलं नाही. का आवडलं नाही, ते कळलं नाही.

१३ मार्च

प्लेटसाठी तोंडाचं माप द्यायला आज जायचं होतं. वर्षअखेरीमुळे सुट्टी मागणं बरं दिसलं नसतं. दवाखान्यात फोन करून पुढची तारीख घेतली. सासूबाईंनाही जरा वेळ द्यायला हवा. इतके दिवस धरून ठेवलेलं असं एकदम काढून घेतलं तर कसं होईल त्यांचं?

जेवणाच्या खोलीतून ठकूचा आवाज आला, "आजी, दाखवू?" मी पंखा सुरू केला आणि पडून राहिले.

२७ मार्च

ठकूला सर्दी आहे. नाक बंद असताना तोंडात मापाचा चिकट गोळा भरला तर तिला श्वास घेता येणार नाही. पुन्हा तारीख बदलली. फोनवरची मुलगी म्हणाली, "ताई, ही दुसरी वेळ." मी म्हटलं, सर्दी काय मी आणली?

सासूबाई रोज सकाळी विचारतात, "कधी जायचं मग?" त्यांना धास्ती वाटत असणार. मी म्हणते, "जाऊ हो, घाई नाही." त्या काहीतरी बोलायला तोंड उघडतात आणि पुन्हा गॅसकडे वळतात.

८ एप्रिल

आज कचेरीतून निघायला उशीर झाला. दारावर बेल वाजवली तर सासूबाईंनी उघडलं. ठकू शेजारच्यांकडे खेळायला गेली होती. मी उगाचच चिडले. म्हटलं, अभ्यासाच्या वेळेला कशाला पाठवता? सासूबाई म्हणाल्या, "अगं, मूल आहे ते. खेळू दे की."

ठकू आल्यावर तशीच माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मला बरं वाटलं. मग मी चहा घेतला.

१७ एप्रिल

सकाळी ठकू कानाजवळ हात धरून उठली. म्हणाली, इथे दुखतं, तोंड उघडलं की टक् वाजतं. मी बोट लावून पाहिलं. खरंच वाजतं. सफरचंद कापून दिलं तरी तिला चावेना. सासूबाईंनी ते किसून दिलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आज मी घेऊन जाते तिला. तू जा कामावर."

मी म्हटलं, "तुम्हाला कसं जमेल? रस्ता ओलांडायचा, जिना..."

"माझ्या पायांना काय झालंय? पोरीच्या जबड्याला झालंय." आणि त्यांनी चपला घातल्या.

मग मीच गेले. सुट्टी टाकली. त्याही आल्याच. डॉक्टरबाई मला रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. जबडा दिवसभर पुढे धरून ठेवल्यामुळे सांध्यावर ताण येतो आहे, म्हणाल्या. माप घेताना ठकूला उमासे आले, डोळ्यांतून पाणी आलं. सासूबाई तिचे पाय धरून म्हणत होत्या, "झालं हं, झालं माझं बाळ, नाकाने श्वास घे." मी तिचा हात धरला होता. डॉक्टरबाई म्हणाल्या, "आई, जरा सैल धरा."

२ मे

प्लेट आली. ठकूने गुलाबी रंग मागितला होता. टाळूला बसणारं पातळ कवच, मागच्या दाढांवर जराशी जाडी, म्हणजे पुढचे दात एकमेकांना न भिडता मोकळे राहतात. त्या आत गेलेल्या दातामागे एक बारीक स्क्रू आहे. बरोबर एक चिमुकली किल्ली दिली आहे. ती भोकात घालून ठरल्या दिवशी थोडीशी फिरवायची, की दात तेवढा बाहेर ढकलला जातो. जेवतानाही प्लेट तोंडातच ठेवायची. काढायची ती फक्त घासायला.

ठकूला बोलता येईना. 'शाळा'चं 'फाळा' झालं. सासूबाई म्हणाल्या, "चला, फाळा शिका आता." तिला इतकं हसू आलं, की प्लेट बाहेर पडली.

किल्ली मी फिरवायची असं ठरलं.

१५ मे

किल्ली फिरवताना मी पुन्हा पुन्हा विचारते, दुखतं का? ठकूला दुखत नाही, थोडं ताणल्यासारखं वाटतं म्हणते. मागच्या वेळी मी फिरवायची विसरले. डॉक्टरबाईंच्या लक्षात आलं. मी म्हटलं, कामाच्या गडबडीत राहिलं. सासूबाई म्हणाल्या, "किल्ली माझ्याकडे दे. मला दिसतं अजून." चष्मा लावून त्या आता करतात. करताना हळू आवाजात काहीतरी गुणगुणतात.

त्या किती बदलल्या आहेत. इतक्या दिवसांनी आज त्यांनी स्वतःला दुसऱ्यांदा भात वाढून घेतलेला मी येता येता पाहिला. मनात आलं, इतक्या लवकर? आपल्या मुलाचं काही वाटेनासं झालं का? नंतर असं मनात आल्याबद्दल वाईट वाटलं.

३ जून

ठकूच्या वर्गातल्या एका मुलाने खाली खेळताना तिला "प्लॅस्टिकचं तोंड" म्हटलं. तिने त्याला काय सांगितलं म्हणून विचारलं, तर म्हणाली, "मी म्हटलं, माझा चावा उलटा आहे, बघायचाय? मग तो पळाला."

दारात उभी राहते तेव्हा प्लेटमुळे तिला तसं जमत नाही आता. तरी प्रयत्न करते. ओठ पुढे येतात फक्त. मी म्हणते, "असू दे, असू दे," आणि आत जाते.

१९ जून

दात आला. डॉक्टरबाईंनी ठकूच्या हातात आरसा दिला. वरचा दात खालच्या दातावरून पुढे आलेला होता, अगदी थोडासा. "ओलांडला की नाही?" त्या म्हणाल्या. "आता हा खालचा दातच त्याला मागे जाऊ देणार नाही. दोघं एकमेकांना धरून राहतील. अजून थोडे दिवस प्लेट ठेवू, मग सुट्टी."

सासूबाईंनी डॉक्टरबाईंच्या डोक्यावर हात ठेवला. डॉक्टरबाईंचा चष्मा खाली पडला. सगळे हसले. मीही हसले असेन.

कचेरीत बातमी सांगितली तेव्हा शेजारच्या बाई म्हणाल्या, "मग पेढे कुठायत? आणि तुझं तोंड असं का, कुणी गेल्यासारखं?" मग त्यांनी जीभ चावली आणि माझ्यासाठी चहा मागवला.

२९ जून

रविवार. सासूबाई भाजी आणायला गेल्या होत्या. ठकू बेसिनपाशी स्टुलावर उभी राहून दात घासत होती. प्लेट कपातल्या पाण्यात होती. मी तिच्या मागे टॉवेल घेऊन उभी होते.

मी म्हटलं, "जरा पूर्वीसारखं करून दाखव. डॉक्टरांनी बघून ठेवायला सांगितलंय."

सांगितलं नव्हतं.

तिने चूळ भरली आणि जबडा पुढे काढला. पण तो पुढे असताना तोंड उघडंच राहत होतं. मिटलं, की मागे यायचा. तिने पुन्हा केलं. मान ताणली, डोळे मोठे केले, गळ्याच्या शिरा दिसायला लागल्या. आरशात वाकुल्या दाखवणारी एक मुलगी होती. दुसरं कुणी नव्हतं.

"आई, जात नाही ते. दात अडतो."

"छान," मी म्हटलं. "तेच बघायचं होतं."

तिने नळ बंद केला. आरशातूनच माझ्याकडे बघत म्हणाली, "मग आता तू आलीस की मी काय करू?"

"काय करू म्हणजे? दार उघडायचं."

ती स्टुलावरून उतरली. मग म्हणाली, "नुसतं?"

मी तिचं तोंड पुसलं. टॉवेल वाळत घातला. तो आधीच कोरडा होता.

२९ जून, दुपार

ठकू खेळायला गेल्यावर सासूबाईंशी बोलले. मनात आलं, त्यांना कुणीतरी नीट सांगायला हवं. म्हटलं, "अहो आई, आता ठकूला ते येत नाही. जेवताना तुम्ही तिच्याकडे मागू नका हं. तिला वाईट वाटेल."

त्या भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "मी कुठे मागते? डॉक्टरबाईंनी तो खरा चावा दाखवला ना, त्याच संध्याकाळी सोडलं. पोरगी विचारायची, आजी दाखवू? मी म्हणायचे, नको गं, जबडा दुखेल तुझा. आणि जेवायचे. घास उतरो न उतरो, ताट रिकामं करायचे. नाहीतर पुन्हा सुरू करायची ती."

"मार्चपासून?"

"मार्चपासून."

"मग ती दिवसभर जबडा पुढे धरून..." मी म्हटलं.

सासूबाईंनी हातातली जुडी खाली ठेवली. "तुला सांगणार होते. पण तू दारात तशी उभी राहायचीस. दिवसभरात तेवढाच तुझ्या तोंडावर जरा उजेड दिसायचा. मी स्वयंपाकघरातून बघायचे. कुठल्या तोंडाने सांगणार?"

मी भाजीची देठं गोळा केली. त्या म्हणाल्या, "राहू दे. मी करते ते. तू बस."

मी बसले. नंतर त्यांनीच विचारलं, "तो झोपेत दात खायचा, तुझी झोप मोडायची का गं?" मी म्हटलं, "रोज." त्या म्हणाल्या, "लहानपणीही खायचा. बाजूच्या खोलीत ऐकू यायचं." इतक्या दिवसांत आम्ही दोघी ह्यांच्याबद्दल पहिल्यांदाच बोललो असू. फार वेळ नाही. दूधवाला आला.

३० जून

सहाला घरी आले. जिन्यात थांबून पर्समधून घराची किल्ली काढली, मग परत ठेवली आणि बेल वाजवली.

ठकूने दार उघडलं. तोंड मिटलेलं होतं. हात पाठीमागे. मला काय हवं आहे ते शोधत असल्यासारखी माझ्याकडे बघत होती. गोल हनुवटी. सासूबाई म्हणतात ते खरं आहे. मी अशी दिसत असेन हे मला माहीत नव्हतं.

मी फार थकले होते. पर्स खाली ठेवली आणि उंबऱ्यातच बसले, चपलाही न काढता. तिला म्हटलं, "शाळेत काय झालं आज?"

"कधी?"

"आज. दिवसभरात."

ती आधी घुटमळली, मग माझ्या शेजारी येऊन टेकली आणि सांगायला लागली. कुणीतरी कुणाचा तरी डबा सांडला होता, बाई आल्याच नव्हत्या, आणि मग काहीतरी खिडकीचं झालं होतं. प्लेटमुळे निम्मं कळत नव्हतं. मी म्हटलं, "खिडकीचं काय झालं? नीट कळलं नाही."

तिने पहिल्यापासून पुन्हा सांगितलं.